लोड्याचे औषध माझ्या पोटात

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे आणि सध्या मी रागावलेलो आहे. फ्रिज म्हणजे थंड डोक्याचा, असा तुमचा समज असेल तर तो आधी काढून टाका. थंड असते ते माझे पोट. पाठ कायम तापलेली असते. विश्वास बसत नसेल तर तुमच्या घरातल्या फ्रिजच्या मागच्या बाजूला हात धरून बघा. आतला गारवा टिकवायला आम्हाला बाहेरून किती तापावे लागते, याचा कुणी विचार करत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझे अंग केले, पोटाच्या भिंतींत फेस भरला, वरच्या बाजूला बर्फाचा कप्पा बसवला आणि दाराला चारी बाजूंनी रबराची पट्टी लावली. ही पट्टी दिसायला क्षुल्लक, पण फ्रिजची सगळी अब्रू तिच्या हातात असते. ती घट्ट बसली तर आतला गारवा आत आणि बाहेरची उष्णता बाहेर. ती सैल झाली की घर लुटायला मोकळे.

दुकानात मी बरेच दिवस रांगेत उभा होतो. मग एक जोडपे आले. नवरा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणारा, बायको घरी पडदे शिवणारी. तिने माझे दार चार वेळा उघडले, चार वेळा लावले आणि म्हणाली, "हाच." त्या एका शब्दाने मी किती फुगलो होतो म्हणून सांगू! घरी आल्यावर तिने उरलेल्या पडद्याच्या कापडातून माझ्या डोक्यावर घालायला झालरीचे आच्छादन शिवले. कुणी पाहुणा आला की दार उघडून आतला दिवा दाखवायचे. पुढे त्यांना मुलगी झाली. ती जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून तिला बारकी म्हणायला लागले, ते अजून तसेच चालू आहे. बारकीच्या नात्याने मीही घरच्यांना आई, बाबा आणि आजोबा म्हणतो.

आजोबा म्हणजे आईचे वडील. आई त्यांना अप्पा म्हणते. ते नंतर राहायला आले. त्यांनी सगळा जन्म बर्फाच्या कारखान्यात काढला होता. मोठमोठ्या लाद्या साच्यातून काढायच्या, करवतीने कापायच्या, भुशात गुंडाळून गाडीत भरायच्या, हे त्यांचे काम. त्यामुळे या घरात माझी कदर होती ती फक्त त्यांना. ते येता-जाता माझ्या पोटात हात घालून बघायचे आणि म्हणायचे, "वा! अजून दम आहे गड्यात!" त्यांचा एकच मंत्र होता: "गार तितकं टिकतं." मासा असो, भाजी असो, औषध असो, त्यांच्या मते जगातल्या निम्म्या अडचणी बर्फाची लादी टाकली की सुटतात. मला हा माणूस फार आवडायचा. म्हणूनच माझा राग जास्त आहे.

लोड्या आमच्या घरी आला तो बाबांच्या व्हॅनखालून. मुठीएवढे मांजराचे पिल्लू होते. बारकीने त्याला दूध, बिस्किटे आणि लाड असे काही चारले की दोन वर्षांत त्याचा पार लोड झाला. म्हणून नाव लोड्या. घरातली सगळ्यात ऊबदार जागा त्याने पहिल्याच दिवशी शोधली, ती म्हणजे माझे डोके. झालरीच्या आच्छादनावर पसरून तो घोरायचा आणि खाली मी घुरघुरायचो.

मग लोड्या पाणी प्यायला लागला. वाटी भरली की रिकामी, भरली की रिकामी. त्याच्या वाळूचे भांडे सारखे ओले होई. खाणे राक्षसासारखे आणि अंग मात्र उतरत चालले. आजोबा म्हणाले, "लोड्याचा अभ्रा तेवढा राहिला, कापूस कुठं गेला?" पुढे त्याचे मागचे पाय लुळे पडायला लागले. तो टाचा टेकून ससा बसल्यासारखा चालायचा. माझ्या डोक्यावर उडी मारायचे तर सोडाच, खालून वर बघून तो नुसता ओरडायचा.

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले की त्याला मधुमेह झाला आहे. रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई टोचावी लागेल.

"मांजराला साखर?" आजोबा थक्क झाले. "जन्मात गोडाला तोंड लावलं नाही त्यानं! मी एवढे मिठाईचे डबे चाटून पुसून खाल्ले, तर मला नुसत्या गोळ्या, आणि या बिचाऱ्याला सुया!"

सगळे हसले, पण आईचे हसणे लवकर थांबले. तिच्या हातात औषधाच्या दुकानाची पिशवी होती. इन्सुलिनची एक छोटीशी बाटली, सुया, साखर तपासायच्या पट्ट्या आणि खास मांजरांचे डबाबंद खाणे. एवढ्याशा पिशवीत तिच्या कितीतरी पडद्यांची शिलाई गेली होती. आणि हे एकदाचे नव्हते, दर महिन्याचे होते.

इथे मी या लोकांचे कौतुक करतो, कारण रागावलो असलो तरी मी खोटे बोलत नाही. त्यांनी हातपाय गाळले नाहीत. बाबांनी सुट्टीच्या दिवशीही भाडी घ्यायला सुरुवात केली. आईने डॉक्टरांना विचारून महागडे डबे कमी केले आणि घरीच कोंबडी उकडून, लहान लहान पुड्या करून माझ्यात ठेवायला लागली. बारकीने नव्या सायकलचे नाव काढणे बंद केले. साखर तपासायचे वेगळे यंत्र घेण्याऐवजी, डॉक्टरांची परवानगी घेऊन, आजोबांच्याच यंत्रावर लोड्याच्या कानाचा थेंब तपासायला लागले. आजोबांनी तर कमाल केली. पट्ट्या पुरेनात, तेव्हा त्यांनी स्वतःची तपासणीच सोडून दिली.

"अप्पा, तुमची साखर बघायला नको का?" आई म्हणाली.

"माझी मला कळते गं. मी बोलू शकतो. त्याला कुठं सांगता येतं?"

सांगता न येणे म्हणजे काय, हे माझ्याइतके या घरात कुणाला ठाऊक होते?

आता माझ्या दुखण्याकडे येतो. लोड्या आजारी पडायच्या आधीच माझ्या दाराचे रबर फाटले होते. दुरुस्तीवाला येऊन बघून गेला होता. "रबर बदला, नाहीतर मशीन दिवसरात्र पळत राहील आणि एक दिवस बसेल," असे त्याने स्पष्ट सांगितले होते. खर्च काही फार नव्हता. पण तेवढ्यात लोड्याचे दुखणे निघाले आणि बाबा म्हणाले, "आधी मांजर, मग फ्रिज." त्यात चूक काय? जीव आधी, पत्रा नंतर. मलाही ते पटले होते. पण मग दारातले दूध नासायला लागले, आणि बाबांनी त्यावर फुकटातला उपाय शोधला. माझ्या आतले बटण फिरवून शेवटच्या टोकाला नेऊन ठेवले.

मित्रांनो, याचा परिणाम काय झाला तो नीट समजून घ्या. दाराशी फट असल्यामुळे तिथे गरम, आणि मी जिवाच्या आकांताने पळत असल्यामुळे आत, बर्फाच्या कप्प्याखाली, कडाक्याची थंडी. एकाच पोटात दोन ऋतू. त्या कप्प्याखालच्या ट्रेमधली काकडी सकाळी काचेसारखी कडक व्हायची आणि दुपारी लिबलिबीत. आई ती नाक मुरडून फेकून द्यायची आणि भाजीवाल्याला नावे ठेवायची.

इन्सुलिनची बाटली आधी दारातच असायची. डॉक्टरांनी आईला तसेच सांगितले होते: फ्रिजच्या दारात ठेवा. पण एक दिवस दूध पुन्हा नासले आणि आजोबांचे डोके चालायला लागले.

"दूध नासलं तर दुसरं आणू," ते म्हणाले. "पण ही बाटली? दारातल्या गरमीत हिचं काही झालं तर केवढ्याला पडेल! हिला आत ठेवायला पाहिजे."

"डॉक्टर दारात म्हणाल्या होत्या, अप्पा."

"त्यांच्या फ्रिजचं दार धड असेल. आपलं बघितलंस ना? गार तितकं टिकतं. एवढा जन्म काय मी पतंग उडवण्यात घालवला?"

दाराचे रबर फाटके होते हे तर खरेच होते. आजोबांनी आपला एक लोकरी मोजा धुऊन आणला, बाटली त्यात घातली आणि थेट बर्फाच्या कप्प्याखाली, माझ्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, बाळाला झोपवावे तशी ठेवली. आणि पहिल्याच रात्री ती गोठली.

मी ओरडलो. खडखडलो, थरथरलो, डोक्यावरचे डबे वाजवले. बाबा उठून आले, माझ्या बुडाशी एक लाथ घातली आणि म्हणाले, "याचं आता काहीतरी करायला पाहिजे." तेवढे म्हणून पुन्हा झोपायला गेले.

सकाळी सगळ्यांच्या आधी आजोबा उठले. लोड्याला थंड औषध टोचले तर झोंबते, म्हणून बाटली आधीच काढून मुठीत ऊब देण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले होते. त्यांनी मोज्यातून बाटली काढली, उजेडात धरली आणि आतला बर्फ बघून त्यांचा चेहरा खुलला. "बघ, कसं पक्कं गार झालंय!" ते मला म्हणाले. मला! मग ती बाटली मुठीत धरून, काखेत धरून त्यांनी हळूहळू वितळवली. बर्फ वितळला की पाणी पुन्हा जसेच्या तसे, हे त्यांनी जन्मभर पाहिले होते. पाण्याच्या बाबतीत ते खरेही आहे. पण इन्सुलिन म्हणजे पाणी नव्हे. ते एकदा गोठले की मोडते, आणि मोडले की पुन्हा सांधत नाही. दिसायला मात्र जवळपास तसेच दिसते.

आई स्वयंपाकघरात येईपर्यंत बाटलीतले औषध पातळ होऊन तयार असायचे. संध्याकाळीही तोच प्रकार. तिने बर्फ कधी पाहिलाच नाही. आजोबांनी लपवला असेही नाही. त्यांना त्यात सांगण्यासारखे काही वाटले नाही, एवढेच.

लोड्याची साखर वाढायला लागली. डॉक्टरांनी डोस वाढवला. काही फरक नाही. आणखी वाढवला. बाटल्या भराभर संपायला लागल्या. त्यात एका दुकानदाराने दोन बाटल्या एकदम घेतल्या तर सवलत देऊ केली. बाबा खूश होऊन दोन घेऊन आले आणि आजोबांनी दोन्ही बाटल्या मोज्याच्या जोडीत घालून त्याच कोपऱ्यात ठेवल्या. स्वस्तात मिळाल्या आणि मातीत गेल्या! मी पाहत होतो. पाहण्यावाचून मी दुसरे काय करणार होतो?

खरा संताप तर पुढेच आहे. औषध लागू पडत नाही म्हटल्यावर घरात चोर शोधायला सुरुवात झाली. आधी औषधाच्या दुकानदारावर संशय. मग सुयांवर. मग आईच्या टोचण्याच्या पद्धतीवर. आणि शेवटी बारकीवर.

"खरं सांग," आई तिला माझ्यासमोर उभी करून म्हणाली, "चोरून काय देतेस त्याला? बिस्किटं देतेस ना?"

"नाही गं आई!"

"मग साखर काय हवेतनं वाढते? आम्ही इकडं मर मर मरतोय आणि तू लाड करून सगळं पाण्यात घालतेस?"

"मी एकसुद्धा दिलं नाही. शप्पथ!"

"शपथा नकोत मला."

बारकी रडत रडत माझ्याच दाराला टेकून बसली. लोड्या टाचा घासत तिच्याजवळ आला आणि तिच्या मांडीवर डोके ठेवून पडला. तिच्या पाठीमागे, एका पातळ दाराच्या पलीकडे, दोषी बाटली मोज्यात गुंडाळून आरामात पडली होती. मी त्या दिवशी दोन तास घुरघुरलो. त्यावर कुणीतरी दूरदर्शनचा आवाज वाढवला.

मग ती दुपार आली. बाबा जेवायला घरी आले होते. ताट तसेच होते आणि ते भिंतीकडे बघत होते. मग आईला म्हणाले, "आज संध्याकाळी आणतो ती शेवटची बाटली. आता नाही झेपत. आणि त्याचेही हालच चाललेत. ती संपली की डॉक्टरांशी बोलून घेऊ."

"काय बोलून घेऊ?" बारकीने दारातून विचारले. आई उठली आणि उगाचच ओटा पुसायला लागली.

नवी बाटली त्या संध्याकाळी यायची होती. आणि त्याच दिवशी, बाटली घरात यायच्या आधी, मी बंद पडलो.

मी मुद्दाम बंद पडलो, लोड्यासाठी प्राण दिला, असे सांगायला मला फार आवडले असते. तुमच्या धड्याच्या पुस्तकातही ते शोभले असते. पण तसे काही नाही. दिवसरात्र पळून पळून माझे मशीन जळाले. दुरुस्तीवाल्याने सांगितले होते अगदी तसेच. एक खडखडाट झाला, जरा जळका वास आला आणि मी गप्प झालो. इतक्या वर्षांनी स्वयंपाकघर शांत झालेले ऐकून आधी सगळ्यांना बरेच वाटले!

"आता ही बाटली कुठं ठेवायची?" बाबा पिशवी हातात घेऊन उभे होते. वरच्या मजल्यावरच्या मावशींकडे नवा फ्रिज आहे. दोन दारांचा, गुळगुळीत, आवाज न करणारा. आई बाटली घेऊन वर गेली आणि मावशींनी ती आपल्या फ्रिजच्या दारात, लोणी-सॉसच्या शेजारी उभी करून दिली. तिथे मोजा नव्हता आणि बर्फही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे सुई दिली. डोस तोच, वाढवत वाढवत जो भरमसाट झाला होता तो. फक्त या वेळी बाटलीत खरे औषध होते.

दुपारी लोड्या माझ्यासमोर उभा राहिला आणि डुलायला लागला. दोन पावले टाकली आणि कोसळला. त्याचे पाय झटके देत होते. आजोबांनी आधी पाहिले. "अगं ये लवकर!" अशी त्यांची हाक मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. शिवणयंत्र थांबले, आई धावत आली. आजोबांनी आपले यंत्र काढले आणि लोड्याच्या कानाचा थेंब पट्टीवर घेतला. साखर वाढलेली नव्हती. ती पार तळाला गेली होती.

आईने डॉक्टरांना फोन लावला आणि आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला.

"साखरेचं घट्ट पाणी करा," डॉक्टर म्हणाल्या. "बोटावर घेऊन हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, ठसका लागेल. चोळत राहा आणि शुद्धीवर आला की लगेच इकडं घेऊन या."

आजोबा जमिनीवर बसून बोट बुडवत होते आणि चोळत होते. "ऊठ रे राजा. ऊठ. ऊठ ना." शेवटी लोड्याने जीभ बाहेर काढली आणि त्यांचे बोट चाटले. मग डोके उचलले.

"आला शुद्धीवर," आई फोनकडे बघून म्हणाली.

"छान. आता मला सांगा, डोस बदलला का?"

"नाही. तोच."

"औषध दुसऱ्या कंपनीचं?"

"नाही हो. तेच. नवी बाटली कालच आणली."

"मग बदललं काय? काहीतरी बदललंय."

"आमचा फ्रिज बंद पडला," आई म्हणाली. "म्हणून बाटली वरच्या मावशींच्या फ्रिजमध्ये ठेवली. बाकी काहीच नाही."

डॉक्टरांनी विचारले, "आधी तुमच्या फ्रिजमध्ये कुठं ठेवत होता? ती कधी गोठली होती का?"

आई "नाही" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात आजोबा फोनकडे वळले. त्यांच्या आवाजात अजूनही थोडा जुना अभिमान होता.

"रोज गोठायची, डॉक्टर. मी स्वतः वितळवायचो. माझ्या हाताखाली कधी काही खराब झालं नाही."

डॉक्टरांनी त्यांना रागावून काही म्हटले नाही. गोठलेले इन्सुलिन निकामी होते, एवढेच हळू आवाजात सांगितले. आजोबांचे बोट तसेच हवेत राहिले, साखरेच्या पाण्याने ओले.

"म्हणजे इतके दिवस," ते म्हणाले, "आपण त्याला नुसतं टोचतच होतो?"

आईने बारकीला शाळेतून आल्यावर दारातच मिठी मारली. काय झाले ते तिला सांगितले आणि म्हणाली, "माझं चुकलं गं." बाबांनी संध्याकाळी सगळे ऐकले. ते माझ्या दाराच्या फाटक्या रबरावरून बोट फिरवत राहिले, आणि म्हणाले, "हे मला करून घ्यायला किती लागलं असतं हो?" आता विचारून काय उपयोग होता?

लोड्या दोन दिवस दवाखान्यात राहून परत आला. डोस नव्याने, अगदी थोड्यापासून सुरू केला. आता तो इतका कमी लागतो की बाटली संपायच्या आधी तिची मुदत संपते. ज्या खर्चाने या घराला घाम फोडला होता, त्यातला बराचसा खर्च मुळात नव्हताच! तो माझ्या थंड कोपऱ्यात बसून तयार होत होता. लोड्याचे पाय सावकाश सुधारताहेत. आजोबा पुन्हा स्वतःची साखर तपासतात, कारण आईने त्यांना दम दिला आहे.

माझे मशीन मात्र दुरुस्तीच्या पलीकडे गेले. उद्या भंगारवाला येणार आहे. एक लहानसा, कुणीतरी वापरलेला फ्रिज पाहून ठेवला आहे, आणि त्याच्या दाराचे रबर म्हणे आईने स्वतः कागद अडकवून, ओढून तपासले. नशीबवान आहे बेटा!

आज दुपारी घरात कुणी नसताना आजोबा माझ्याकडे आले. माझे दार उघडले. आत दिवा लागला नाही. त्यांनी हात घालून तो कोपरा चाचपला. आता तिथे थंडी नव्हती, काहीच नव्हते. मग ते मला म्हणाले, "मला नाही कळलं. पण तू तरी सांगायचंस रे."

मित्रांनो, सांगत नव्हतो तर काय करत होतो? मी घुरघुरलो, खडखडलो, काकड्या गोठवून दाखवल्या, दूध नासवून दाखवले. यापेक्षा मोठ्याने बोलायला फ्रिजला येत नाही. तुमच्या घरातही काहीतरी असेच बोलत असेल, नळ, पंखा, कुकर, नाहीतर एखादे म्हातारे माणूस. त्याची दुरुस्ती पुढे ढकलून पैसे वाचले, असे समजू नका. ते पैसे कुणाकडून तरी वसूल होतातच. आमच्या घरी ते एका मुक्या मांजराकडून वसूल होत होते, आणि रडली एक लहान मुलगी, जिने एकही बिस्किट दिले नव्हते.